पोलादाचे पाणी

तापवून लाल केलेली कोयत्याची धार लोहाराने पाण्यात बुडविली म्हणजे ‘कोयत्याला पाणी दिले’ असे आपण म्हणतो. येथे पाणी हे साधन आहे. परंतु ‘या सुरीला पाणी नाही’ असे म्हणताना तोच शब्द पोलादाच्या अंगच्या गुणाचा वाचक होतो. साधनाचे नाव गुणास लागावे, ही लक्षणेची परिचित रीत होय. भाषाशास्त्राच्या अभ्यासकास मात्र येथे निराळ्याच कारणाने थबकावे लागते. पाण्यातले काहीच पोलादात उतरत नाही. बुडविण्यापूर्वी व नंतर त्यातील लोह आणि कार्बन यांचे प्रमाण तेच असते. मग बदलते काय?

बदलते ती सूक्ष्मरचना. तापलेल्या पोलादात कार्बनचे अणू लोहाच्या स्फटिकजालात विरघळलेले असतात. पोलाद सावकाश निवू दिल्यास ते बाहेर पडतात आणि मृदू लोह व कठीण कार्बाइड यांचे पातळ थर एकाआड एक बसतात. ही पर्लाइट रचना. एकाएकी निवविल्यास कार्बनला बाहेर पडावयास अवधीच मिळत नाही. तो जालात अडकतो, जाल ताणले जाते, आणि अतिशय कठीण पण ठिसूळ असे मार्टेन्साइट उद्भवते. म्हणूनच जाणता लोहार पाणी दिल्यावर धार पुन्हा बेताने शेकतो व तिच्यावर चढणारा रंग पाहून थांबतो. ‘रस’ आणि ‘सर’ यांत वर्ण तेच, अर्थ वेगळे. तसाच काहीसा हा प्रकार आहे.

सोलापुरास याचे उदाहरण दूर शोधावयास नको. येथील प्रिसिजन कॅमशाफ्ट्स ही १९९२ साली स्थापन झालेली कंपनी मोटारींच्या इंजिनांसाठी बिडाचे कॅमशाफ्ट ओतते. झडपा उघडणारे उंचवटे झिजता कामा नयेत, आणि दांडा तर ठिसूळ असता कामा नये. अशा ओतकामात वाळूच्या साच्यात उंचवट्यांच्या जागी धातूचे तुकडे, म्हणजे ‘चिल’, बसवितात. रस तेथे झपाट्याने निवतो आणि कार्बन कार्बाइडच्या रूपात राहून पांढरे, कठीण बीड तयार होते. आत तोच कार्बन ग्रॅफाइट होऊन करडे बीड बनते. रस एक, ओत एक, पदार्थ दोन.

हलक्या मिश्रपोलादांचा प्रश्न याच जातीचा, पण अधिक बिकट आहे. लोहाची घनता दर घन सेंटिमीटरला ७.८७ ग्रॅम, तर ॲल्युमिनियमची २.७. पोलादात वजनाने १ टक्का ॲल्युमिनियम मिसळल्यास घनता सुमारे १.३ टक्क्यांनी उतरते. हिशेब सोपा, परंतु ॲल्युमिनियम वाढले की ते लोहाशी ठिसूळ संयुग करते, आणि त्या संयुगाचे जाड पट्टे बनले की तेथूनच तडा जातो. २०१५ साली दक्षिण कोरियातील पोस्टेक विद्यापीठातील हानसू किम व त्यांच्या सहकाऱ्यांनी ‘नेचर’ नियतकालिकात यावर एक तोड मांडली. १० टक्के ॲल्युमिनियम व १५ टक्के मँगेनीज असलेल्या पोलादात त्यांनी ५ टक्के निकेल घातले. त्यामुळे तेच संयुग पट्ट्यांऐवजी नॅनोमीटरच्या मापाच्या कणांत विखुरले गेले. धातू वाकतो तो स्फटिकातील दोष सरकत गेल्यामुळे. हे कण त्यांची वाट अडवितात व बळ वाढते. कण सुटे असल्याने तड्यास मात्र सलग वाट मिळत नाही. जे संयुग टाळावयाचे, तेच कामास आले.

परिभाषा घडविताना ‘पाणी देणे’ टाकून ‘कठिणीकरण’ रूढ करण्याकडे आपला कल असतो. माझ्या मते जुना शब्द राखावा; मात्र श्रेय पाण्याचे नसून निवण्याच्या वेगाचे, हे वर्गात पहिल्याच दिवशी सांगावे. हलक्या पोलादातील विखुरलेल्या कणांच्या बळास मात्र हा शब्द पुरणार नाही. तेथे नवा शब्दच घडवावा लागेल.