निफाडची सून, मराठीची लेखिका

न्यायमूर्ती महादेव गोविंद रानडे यांचा जन्म १८४२ साली निफाडचा, हे तालुक्यातल्या शाळकरी मुलांनाही ठाऊक असते. त्यांना घराघरांत पोचवले ते मात्र त्यांच्या पत्नीच्या लेखणीने. रमाबाई मूळच्या तेव्हाच्या सातारा जिल्ह्यातल्या देवराष्ट्र्याच्या कुर्लेकर. १८७३ साली लग्न झाले तेव्हा त्या अकरा वर्षांच्या होत्या आणि त्यांना अक्षरओळखही नव्हती. पतीने शिकवायला घेतले. घरातल्या वडीलधाऱ्या बायकांचे टोमणे सोसत त्या मराठी आणि पुढे इंग्रजीही शिकल्या. रानड्यांची बदली नाशिकला झाली, तेव्हा तिथेच त्या पहिल्यांदा जाहीर सभेत बोलल्या.

१९०१ साली रानडे गेले. ‘आमच्या आयुष्यातील काही आठवणी’ हे रमाबाईंचे पुस्तक १९१० साली आले. कलकत्त्याच्या मुक्कामात बंगाली शिकणारे रानडे दाढी करायला आलेल्या न्हाव्यालाच शब्दांचे अर्थ विचारतात, हा त्यातला प्रसंग जरूर वाचावा. एवढा मोठा माणूस इतक्या जवळून, इतक्या साध्या बोलीत क्वचितच कोणी दाखवला असेल. आपला धाक, रुसवा, घरातली कोंडीही त्या लपवत नाहीत; माझ्या मते पुस्तकाचे खरे बळ तिथे आहे. कॅथरिन गेट्स यांनी १९३८ साली त्याचा इंग्रजी अनुवाद केला.

पुण्यातली सेवासदन ही स्त्रियांसाठीची संस्था १९०९ पासूनची, तेही रमाबाईंचेच काम. १९२४ साली त्यांचे निधन झाले. १९६२ साली टपाल खात्याने त्यांचे तिकीट काढले.