विमानतळ ते मुंबई : जासईहून दिसणारी वाट

जासई (ता. उरण, जि. रायगड) : नवी मुंबई आंतरराष्ट्रीय विमानतळाचे उद्घाटन 8 ऑक्टोबर 2025 रोजी झाले आणि 25 डिसेंबर 2025 पासून तेथे प्रवासी विमानांची ये-जा सुरू झाली, तेव्हापासून बृहन्महाराष्ट्रातील आणि परदेशातील मराठी कुटुंबांना पडणारा पहिला प्रश्न असा की, तेथे उतरल्यावर मुंबई गाठायची कशी. या प्रश्नाचे उत्तर जासईहून शोधणे सयुक्तिक आहे, कारण विमानतळाच्या नैर्ऋत्येस, उरणच्या वाटेवर असलेल्या या आगरी गावाच्या शिवेलगतच मुंबईहून समुद्रावरून येणारा अटल सेतू जमिनीला टेकतो, आणि ज्यांचे नाव विमानतळाला देण्याचा ठराव राज्याच्या विधिमंडळाने 2022 मध्ये केला ते दिनकर बाळू पाटील, म्हणजे सर्वांचे दि. बा., याच गावचे.

या परिसराचे पूर्वीचे दळणवळण पाण्यावरचे होते. उरणच्या मोरा बंदरातून भाऊच्या धक्क्याला लाँच जाई आणि आजही जाते. परंतु ओहोटीला गाळामुळे ती धक्क्याला लागणे अवघड होते आणि पावसाळ्यात समुद्र खवळला की फेऱ्या थांबतात. 1970 मध्ये सिडको, म्हणजे नवे शहर वसवण्यासाठी राज्य शासनाने काढलेली कंपनी, स्थापन झाली आणि ठाणे, पनवेल व उरण या पट्ट्यातील 95 गावांच्या भातशेतीवर व मिठागरांवर शहराचा आराखडा आखला गेला. 1973 मध्ये वाशीचा खाडीपूल झाला तरी उरणकडच्या माणसाला मुंबईसाठी आधी बेलापूर-वाशीचा वळसा घ्यावाच लागे. 1989 मध्ये न्हावा-शेवा बंदर सुरू झाल्यावर तो वळसा कंटेनरच्या ट्रेलरांनी भरून गेला, आणि दास्तान फाटा, गव्हाण फाटा ही नावे वाहनांच्या रांगांशी जोडली गेली ती कायमची.

अटल सेतू 12 जानेवारी 2024 रोजी खुला झाला. शिवडी ते चिर्ले अशी त्याची एकूण लांबी 21.8 किलोमीटर असून त्यांपैकी सुमारे 16.5 किलोमीटर समुद्रावरून जातात. विमानतळावरून मोटारीने निघालेल्या प्रवाशाला उलव्याजवळच्या शिवाजीनगर इंटरचेंजवरून, म्हणजे गाड्यांना न थांबता एका रस्त्यावरून दुसऱ्यावर वळता यावे यासाठी बांधलेल्या उड्डाणमार्गांच्या जोडणीवरून, सेतूवर चढता येते आणि शिवडीला उतरता येते. दक्षिण मुंबईसाठी यापेक्षा सरळ वाट नाही, हे निःसंशय. मात्र सेतू खुला होताना मोटारीला पूर्ण अंतरासाठी एका खेपेस 250 रुपये पथकर ठरवण्यात आला, आणि दुचाकी व तीनचाकी वाहनांना सेतूवर प्रवेशच नाही. जासई-चिर्ल्याच्या तरुणाच्या दारात बहुधा दुचाकी उभी असते. ज्याच्या शिवारालगत सेतूचा खांब रोवला गेला, त्याला त्या सेतूवर स्वतःचे वाहन घालता येत नाही. भर समुद्रातील वाऱ्याचा आणि वेगाचा विचार करता हा नियम समर्थनीय आहे. पण मग त्या तरुणासाठी सेतूवरून वारंवार धावणारी बस हवी, हा त्याच नियमाचा दुसरा अर्धा भाग आहे आणि तो अद्याप पुरेसा पाळला गेलेला नाही.

रेल्वेची कथा अधिक आशादायक आहे. नेरूळ व बेलापूरहून खारकोपरपर्यंतचा लोकलमार्ग नोव्हेंबर 2018 मध्ये सुरू झाला, तो जानेवारी 2024 मध्ये उरणपर्यंत पोहोचला, आणि विमानतळाला सर्वांत जवळचे तरघर स्थानक डिसेंबर 2025 मध्ये गव्हाण स्थानकासह उघडले. आता छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसहून हार्बर मार्गाने नेरूळ किंवा बेलापूर, तेथे गाडी बदलून तरघर, आणि तरघरहून बस किंवा रिक्षाने टर्मिनल, म्हणजे विमानतळाची प्रवासी इमारत, असा प्रवास लोकलच्या तिकिटात होतो. कठीण भाग दोन. नेरूळच्या फलाटावर संध्याकाळच्या गर्दीत दोन बॅगा आणि कडेवर मूल घेऊन उतरणे, पूल चढणे आणि उरणच्या गाडीची वाट पाहणे हा पहिला. आणि ही गाडी हार्बरसारखी दर काही मिनिटांनी येत नसल्यामुळे, ती चुकली तर वेळेचे सगळे गणित कोलमडते, हा दुसरा.

पहिल्या टप्प्यात विमानतळाची क्षमता वर्षाला 2 कोटी प्रवाशांची, म्हणजे दिवसाला सरासरी सुमारे 55 हजारांची आहे. मुंबईचा जुना आणि हा नवा अशा दोन्ही विमानतळांना जोडणारी सुमारे 35 किलोमीटरची मेट्रो योजलेली आहे. ती बांधून होईपर्यंत हा भार रस्ता आणि लोकल यांनाच वाहायचा आहे.

जपानमधील नारिता विमानतळाचा अनुभव येथे लक्षपूर्वक पाहण्याजोगा आहे. टोकियोबाहेरील शेतजमिनीवर विमानतळ उभारण्याचा निर्णय 1966 मध्ये शेतकऱ्यांना विश्वासात न घेता झाला, त्यातून दीर्घ आणि रक्तरंजित संघर्ष पेटला, आणि विमानतळ उघडायला मे 1978 उजाडला. शहराला जोडणाऱ्या वेगवान शिनकान्सेन रेल्वेचे काम 1974 मध्ये सुरू झाले होते. मार्गावरील जमिनीच्या विरोधामुळे ते अडले आणि 1987 मध्ये ती योजनाच रद्द झाली. टर्मिनलखालची जागा त्या रेल्वेसाठी राखून ठेवल्यामुळे केइसेई कंपनीचे स्थानक दूर बांधावे लागले, आणि तेथून टर्मिनलपर्यंत प्रवाशांना बसने जावे लागे. गाड्या थेट टर्मिनलखाली आल्या त्या मार्च 1991 मध्ये, म्हणजे जवळजवळ 13 वर्षांनी. याउलट हाँगकाँगने 6 जुलै 1998 रोजी नवा विमानतळ आणि शहरात नेणारी रेल्वे एकाच दिवशी सुरू केली.

जासईला नारिताचा इतिहास परका वाटणार नाही. 16 व 17 जानेवारी 1984 रोजी जमिनीच्या रास्त मोबदल्यासाठी दि. बां.च्या नेतृत्वाखाली उभ्या राहिलेल्या शेतकऱ्यांवर दास्तान फाटा आणि नवघर-पागोटे परिसरात पोलिसांचा गोळीबार झाला आणि पाच जण हुतात्मा झाले. त्या लढ्यातून साडेबारा टक्क्यांची योजना आली. संपादित जमिनीच्या साडेबारा टक्के इतका विकसित भूखंड मूळ मालकाला परत देणे, हे तिचे सूत्र. पुढे विमानतळासाठी दहा गावठाणे उठवण्यात आली, तेव्हा हे प्रमाण साडेबावीस टक्क्यांपर्यंत गेले.

जमीन देणाऱ्याचा विकासात वाटा असतो, हे तत्त्व शासनाने भूखंडाच्या बाबतीत अशा रीतीने मान्य केले आहे. तेच वाहतुकीच्या बाबतीत मान्य व्हायला हवे. विमानतळावर सामान चढवणारे, सफाई करणारे, पहारा देणारे कामगार पाळीने येतात आणि त्यांची पाळी पहाटे किंवा मध्यरात्री संपते. उरण मार्गावरील गाड्यांची वेळ त्या पाळ्यांशी जुळवणे, तरघर स्थानकाबाहेर प्रत्येक गाडीमागे टर्मिनलची बस उभी ठेवणे, आणि दास्तान फाट्यावरून गव्हाणमार्गे विमानतळाला व चिर्ल्याहून सेतूवरून शिवडीला नियमित बस देणे, या कामांना नवा पूल लागत नाही की नवे भूसंपादन. टॅक्सीचे भाडे परवडणाऱ्या प्रवाशाची सोय सेतूने केलेलीच आहे. बाकीच्यांची सोय वेळापत्रकाने व्हायची आहे, आणि ते काम रेल्वे, सिडको व नवी मुंबई महापालिकेच्या परिवहन विभागाने एकत्र बसून पुढच्या पावसाळ्याआधी पुरे करावे, अशी या पट्ट्यातील गावांची रास्त अपेक्षा आहे.