अडखळणारी वाचा

काही वर्षांपूर्वी आमच्या वर्गात एक विद्यार्थी होता. हजेरी घेताना त्याचा क्रमांक आला म्हणजे तो उभा राही, त्याचे ओठ नुसतेच हलत, मान किंचित मागे जाई, आणि बऱ्याच वेळाने 'हजर' हा शब्द कोणी आतून ढकलून दिल्याप्रमाणे बाहेर पडे. तोपर्यंत मागील बाकांवर खसखस पिकलेली असे. इतिहासाचा प्रश्न विचारला असता तो बहुधा 'माहीत नाही' असे उत्तर देई, आणि हे दोन शब्द मात्र तो सफाईने उच्चारी. आम्ही त्यास आळशी समजत होतो. पुढे सहामाहीच्या उत्तरपत्रिका तपासताना असे दिसून आले की, जे प्रश्न त्याने तोंडी 'माहीत नाही' म्हणून टाळले होते, त्यांची उत्तरे त्याने बिनचूक लिहिली होती. मौज अशी की, हाच मुलगा सकाळच्या प्रार्थनेत इतरांबरोबर गात असता त्याचा एक शब्दही अडत नसे. या विसंगतीचा अर्थ आम्हांस त्या वेळी उमगला नाही. उलट, 'प्रार्थना म्हणता येते, मग धडा का वाचता येत नाही? मनावर घेशील तर नीट बोलशील,' असे आम्ही त्यास भर वर्गात सुनावले. हे बोलणे किती अज्ञानाचे होते ते पुढे या विषयावरील वाचनाने कळले. त्यातील काही भाग विद्यार्थिमित्रांच्या व त्यांच्या आईबापांच्या पुढे ठेवावा, एवढाच या लेखाचा हेतू आहे.

प्रथम एक घोटाळा दूर केला पाहिजे. आपण बोबडेपणा व तोतरेपणा हे दोन शब्द पुष्कळदा एकाच अर्थाने वापरतो. परंतु त्या दोन निराळ्या गोष्टी आहेत. 'काका' म्हणावयाचे असता 'ताता' म्हणणारे मूल बोबडे होय. त्यास तो वर्ण अद्याप साधलेला नसतो. तोतऱ्या मनुष्यास सर्व वर्ण येतात. आपणांस काय म्हणावयाचे आहे हेही त्यास पक्के ठाऊक असते. परंतु 'पाणी' म्हणताना 'प-प-पाणी' असा पहिला वर्ण पुन्हापुन्हा येतो, किंवा 'मला' यातील म लांबत जातो, किंवा ओठ मिटले की ते मिटलेलेच राहतात आणि आवाज फुटत नाही. यांपैकी शेवटचा प्रकार बोलणारास सर्वांत कष्टाचा असतो. कठीण शब्द टाळून सोपा शब्द घालण्याची युक्ती असे लोक लहानपणीच शिकतात. मात्र स्वतःचे नाव बदलून सांगता येत नाही. म्हणूनच पुष्कळ तोतऱ्या माणसांस जगातील सर्वांत अवघड शब्द म्हणजे आपले नाव वाटते.

या दुखण्यावर माणसाने काय काय उपाय केले ते पाहिले म्हणजे त्या जिभेची कीव येते. ग्रीक वक्ता डेमॉस्थेनीस याने तोंडात खडे धरून भाषणाचा सराव केला, अशी कथा प्लुटार्कने लिहून ठेविली आहे. आपल्याकडे वेखंड उगाळून जिभेस लावतात, अक्कलकाढा चघळावयास देतात. हे उपाय निदान सौम्य तरी म्हणावेत. परंतु १८४१ साली बर्लिन येथील डीफेनबाख नावाच्या नामांकित शस्त्रवैद्याने तोतऱ्या माणसांच्या जिभेच्या मुळाशी छेद घेण्यास सुरुवात केली, आणि त्याचे अनुकरण युरोपात इतरांनीही केले. ईथरने रोग्यास बेशुद्ध करण्याची पद्धत १८४६ नंतरची आहे, हे ध्यानात घेतले म्हणजे त्या रोग्यांनी काय सोसले असेल याची कल्पना येते. हे सारे निष्फळ ठरले. ठरावयाचेच होते, कारण जीभ निर्दोष होती. जी जीभ गाताना चालते, ती बोलताना आजारी कशी असेल?

मग दोष कोठे आहे? या प्रश्नाचा पद्धतशीर शोध ज्या थोड्या ठिकाणी प्रथम सुरू झाला, त्यांत अमेरिकेतील आयोवा विश्वविद्यालयाचे नाव आघाडीस येते. तेथील ली ट्रॅव्हिस यांचे मत असे होते की, मेंदूच्या डाव्या व उजव्या अर्धांची वाचेच्या स्वामित्वाबद्दल ओढाताण चालते व त्यातून तोतरेपणा उद्भवतो. वेंडेल जॉन्सन हा त्यांचा विद्यार्थी स्वतः तोतरा होता. डावा हात प्रबळ व्हावा म्हणून त्याने आपला उजवा हात प्लॅस्टरमध्ये घालून घेतला. परंतु वाचा होती तशीच राहिली. या निराशेतून की काय, जॉन्सनच्या मनाने अगदी उलट दिशा घेतली. लहान मूल स्वाभाविकपणे अडखळते, आईबाप त्यास 'तोतरा' म्हणून टोकू लागतात, आणि त्या टोकण्यानेच ते खरोखर तोतरे होते, असा सिद्धांत त्याने मांडला.

या कल्पनेची परीक्षा १९३९ साली एका अनाथाश्रमात झाली. ती हकीगत सांगताना आजही लेखणी जड होते. जॉन्सनच्या मार्गदर्शनाखाली मेरी ट्यूडर नावाच्या विद्यार्थिनीने आयोवातील डॅव्हनपोर्ट येथील आश्रमातून २२ मुले निवडली. त्यांपैकी सहा मुले अशी होती की, ज्यांचे बोलणे चांगले होते. तरीही 'तुमच्या बोलण्यात तोतरेपणाची लक्षणे आहेत, नीट बोलता येत नसेल तर बोलूच नका,' असे त्यांस महिनोगणती सांगण्यात आले. ज्यांस आईबाप नव्हते, त्यांच्या बाजूने कोण बोलणार? ती मुले अबोल झाली, लाजू लागली, काहींचे अभ्यासातही मन लागेना. हा प्रबंध ग्रंथालयात पडून राहिला, प्रसिद्ध असा कधी झालाच नाही. एका वृत्तपत्राने तो २००१ साली उजेडात आणिला, तेव्हा विश्वविद्यालयाने जाहीर क्षमा मागितली, आणि २००७ साली आयोवा राज्याने त्या प्रकरणी ९,२५,००० डॉलरची भरपाई देण्याचे मान्य केले.

यातील आणखी एक गोष्ट फारशी कोणी सांगत नाही. २००२ साली निकोलीन अँब्रोज व एहूद यायरी या संशोधकांनी त्या जुन्या प्रबंधातील आकडे पुन्हा तपासले, तेव्हा त्या सहांपैकी एकही मूल तोतरे झाले नव्हते असे त्यांस दिसून आले. म्हणजे टोकण्याने मुले दुःखी झाली, मुकी झाली, परंतु तोतरी झाली नाहीत. तथापि मधल्या काळात जॉन्सनच्या सिद्धांताने कित्येक मातांस असे मानावयास लाविले की, आपल्या मुलाची वाचा आपणच बिघडविली. हा आरोप खोटा होता, हे आज निश्चितपणे सांगता येते.

आता पुढील शोध थोडक्यात सांगतो. बोलताना श्वास, कंठ, जीभ व ओठ यांच्या हालचाली निमिषार्धात एकमेकींशी जुळवाव्या लागतात. २००२ साली जर्मन संशोधकांनी 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात असे दाखविले की, तोतऱ्या प्रौढांच्या मेंदूच्या डाव्या अर्धात, वाचेशी संबंध असलेल्या भागांस जोडणाऱ्या तंतूंची घडण इतरांहून किंचित निराळी असते. पुढे लहान मुलांतही असे फरक आढळले. हा दोष मनाचा नसून जुळणीचा आहे, असे म्हणावयास हरकत नाही. समूहात गाताना किंवा वाचताना बाहेरून ताल मिळतो, आणि त्या आधारावर ही जुळणी सुरळीत चालते, असे पुष्कळ संशोधक मानतात. आमच्या विद्यार्थ्याच्या प्रार्थनेचे कोडे येथे उलगडले.

ही घडण पुष्कळ अंशी घराण्यातून येते. २०१० साली डेनिस ड्रेना व त्यांच्या सहकाऱ्यांनी पाकिस्तानातील काही कुटुंबांचा अभ्यास करून तीन जनुकांचा या विकाराशी संबंध दाखविला. ही जनुके पेशीतील टाकाऊ द्रव्यांची विल्हेवाट लावण्याच्या कामाशी निगडित आहेत. त्यांचा बोलण्याशी संबंध असेल असे कोणाच्या स्वप्नातही आले नसते! अर्थात थोड्याच रोग्यांचा उलगडा त्यांनी होतो. २०२५ साली दहा लाखांहून अधिक माणसांची तुलना करून प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या अभ्यासात अशी ५७ निराळी स्थाने सापडली आहेत.

आईबापांच्या दृष्टीने मात्र याहून महत्त्वाचा प्रश्न असा की, मूल अडखळू लागले तर करावे काय? तोतरेपणा बहुधा दोन ते पाच या वयात, वाक्ये जुळू लागतात त्याच सुमारास सुरू होतो. यायरी व अँब्रोज यांनी इलिनॉय येथे ८४ मुलांवर काही वर्षे लक्ष ठेविले, तेव्हा सुमारे ७४ टक्के मुलांचा तोतरेपणा चार वर्षांच्या आत आपोआप गेला. उरलेल्यांचा राहिला. मुलींपेक्षा मुलांत तो अधिक टिकतो, आणि घरात पूर्वी कोणाचा टिकला असेल तर तोही टिकण्याचा संभव अधिक. 'मोठा झाला की सुधारेल' हे आजीबाईंचे म्हणणे चारांपैकी तिघांच्या बाबतीत खरे ठरते. परंतु चौथा मुलगा आपलाच असेल तर?

त्या चौथ्यासाठी जी उपचारपद्धती आज प्रसिद्ध आहे, तिचा उगम एका बाहुलीत आहे. १९७२ साली अमेरिकेत रिचर्ड मार्टिन व त्यांच्या सहकाऱ्यांनी दोन लहान तोतऱ्या मुलांस एका बोलक्या बाहुलीशी गप्पा मारावयास बसविले. मूल अडखळले की बाहुलीवरील दिवा दहा सेकंद विझे आणि बाहुली गप्प होई. मग पुन्हा दिवा लागे व गप्पा सुरू होत. दोन्ही मुलांचा तोतरेपणा जवळजवळ नाहीसा झाला. टोकले तर बिघडेल ही भीती त्यामुळे डळमळीत झाली. पुढे ऑस्ट्रेलियात सिडनी येथे मार्क ऑन्सलो प्रभृतींनी यावरून लिडकोम नावाची पद्धत तयार केली. तीत बाहुलीच्या जागी आई किंवा बाप येतो. दररोज पंधरा मिनिटे मुलाशी खेळत बोलावयाचे, सुरळीत बोलले की 'किती छान बोललास!' म्हणून कौतुक करावयाचे, आणि क्वचितच, तेही हळुवारपणे, 'तो शब्द जरासा अडला, नाही?' असे म्हणावयाचे. हे सर्व जाणत्या उपचारकाच्या देखरेखीखाली करावयाचे असते. न्यूझीलंडमध्ये ५४ मुलांवर झालेल्या प्रयोगाचा निकाल २००५ साली प्रसिद्ध झाला. नऊ महिन्यांत या पद्धतीने अडखळणे ७७ टक्क्यांनी कमी झाले. ज्यांस ही पद्धत मिळाली नाही त्यांचे ४३ टक्क्यांनी.

परंतु २०१५ साली हॉलंडमधील १९९ मुलांच्या प्रयोगात हिची तुलना अगदी निराळ्या पद्धतीशी करण्यात आली. त्या दुसऱ्या पद्धतीत मुलाच्या बोलण्याबद्दल शेरा मारावयाचा नसतो; आईबापांनी स्वतः सावकाश बोलावयाचे, प्रश्नांचा भडिमार कमी करावयाचा, घरातील घाई आवरावयाची. दीड वर्षानंतर पहिल्या गटातील ७६.५ टक्के व दुसऱ्यातील ७१.४ टक्के मुले तोतरेपणापासून मुक्त झाली होती, आणि एवढा फरक संशोधकांनी निर्णायक मानला नाही. आम्हांस हा निकाल पहिल्याहून अधिक मोलाचा वाटतो. दोन वाटा निराळ्या, पण दोहोंत घरचे माणूस रोज थोडा वेळ सर्व कामे बाजूस ठेवून मुलाचे बोलणे शेवटपर्यंत ऐकते.

प्रौढांचे प्रकरण वेगळे आहे. मोठेपणी तोतरेपणा समूळ जाणे दुर्मिळ. त्यावर खात्रीचे औषध अद्याप निघालेले नाही, आणि आठ दिवसांत गुण देणाऱ्या जाहिरातींवर कोणी पैसा घालवू नये. अमेरिकेतील चार्ल्स व्हॅन रायपर हा तरुणपणी इतका तोतरा होता की, शेतावरील मजुरी मिळावी म्हणून त्याने मुक्या-बहिऱ्याचे सोंग घेतले होते. वाटेत भेटलेल्या एका म्हाताऱ्या तोतऱ्याने त्यास सांगितले की, आता झगडण्याचे त्राण नाही, म्हणून शब्द जसे येतील तसे येऊ देतो. त्यातून व्हॅन रायपरला आपली दिशा सापडली. १९३६ साली त्याने कॅलमाझू येथे वाचोपचाराचे केंद्र काढिले आणि, अडखळणे लपवू नका, ते न झगडता, सावकाश अडखळावयास शिका, असे तो आयुष्यभर शिकवीत राहिला. शब्दाशी चाललेली झटापट व शब्दाची भीती गेली म्हणजे उरलेला तोतरेपणा पुष्कळच हलका होतो, असा त्याचा अनुभव होता.

आपल्या देशात म्हैसूर येथील अखिल भारतीय वाक्-श्रवण संस्था १९६५ पासून व मुंबईत वांद्रे येथील अली यावर जंग संस्था १९८३ पासून या शास्त्राचे शिक्षण व उपचार देत आहेत. वाचोपचार करणाराची नोंदणी १९९२ च्या कायद्याने स्थापिलेल्या भारतीय पुनर्वास परिषदेकडे असावी लागते. मुलास नेण्यापूर्वी आईबापांनी ती अवश्य विचारावी. अडखळणे सहा महिन्यांहून अधिक टिकले, किंवा मूल बोलणेच टाळू लागले, तर वाट पाहू नये.

आमच्या वर्गात आता हजेरीस हात वर केला तरी चालतो, आणि धड्याचे प्रकट वाचन दोन-दोन मुलांनी मिळून करावयाचे असते. हा नियम सर्वांना सारखा असल्यामुळे तो कोणासाठी केला आहे हे मुलांस ठाऊक नाही.

तो आमचा विद्यार्थी गेल्या स्नेहसंमेलनास आला होता. तो आता नोकरीत आहे, व अजून अडखळतो. त्या दिवशी भर वर्गात त्यास जे बोललो त्याबद्दल आम्ही क्षमा मागितली. तो हसला आणि म्हणाला, "सर, ते मी विसरलो होतो. तुम्ही माझे शब्द माझ्या आधी पुरे करीत होता, त्याचे मात्र वाईट वाटे." एवढे बोलण्यास त्यास बराच वेळ लागला. मध्ये दोनदा पुढील शब्द आमच्या ओठांवर आला होता; तो आम्ही गिळला.