पाच वाजताचा सूर्यास्त

सुरतेत राहणाऱ्या माणसाला सूर्यास्त पाहण्यासाठी फार दूर जावे लागत नाही. डुमसचा काळ्या वाळूचा किनारा पश्चिमाभिमुख आहे आणि रविवारी संध्याकाळी टोमॅटोची भजी हाती घेऊन निम्मे शहर तेथे उभे असते. तरीही आपल्यापैकी किती जणांनी तेथे सूर्यबिंब पाण्याला टेकताना पाहिले आहे? खंबायतच्या आखातातील गाळ, ओहोटीला दूरवर उघडा पडणारा चिखल आणि क्षितिजावर साचलेला धुरकट पट्टा यांमुळे आपल्याकडे सूर्य बुडत नाही, तो विरघळतो. म्हणूनच की काय, बेटावरच्या स्वच्छ क्षितिजाची ओढ आपल्याला अधिक वाटते. ही ओढ लागलेल्यांपैकी मीही एक. पण बेटावरचा पहिलाच सूर्यास्त मी हुकवला, आणि तोही वडिलांच्या समवेत असताना. त्या चुकीतून जे शिकलो, ते येथे मांडतो आहे.

डिसेंबर 2009 मध्ये आम्ही सहकुटुंब अंदमानला गेलो. वडील तेव्हा चौऱ्याहत्तर वर्षांचे होते. खानदेशातून तरुणपणी सुरतेस आलेले, आयुष्यभर शिक्षकी केलेले. ‘माझी जन्मठेप’ त्यांनी किती वेळा वाचले असेल याची गणती नाही. सेल्युलर जेल डोळ्यांनी पाहावे ही त्यांची जुनी इच्छा. दुसरी इच्छा त्यांनी विमानात सहज बोलून दाखवली होती, “समुद्रात सूर्य पूर्ण बुडताना एकदा पाहायचा आहे.” हॅवलॉक बेटावरील राधानगर किनारा त्यासाठी प्रसिद्ध. ‘टाइम’ नियतकालिकाने 2004 मध्ये त्याला आशियातील सर्वोत्तम किनारा म्हटले होते. दुपारी जेवण झाले, वडिलांना विश्रांती दिली. चार वाजताच निघा, असे निवासातील मुलगा दोनदा सांगून गेला. पर्यटकांना घाई करण्याची ही यांची रीतच असावी, असे मी मनाशी म्हटले. सूर्यास्त म्हणजे सहाच्या पुढेमागे, हे सुरतेचे गणित डोक्यात पक्के होते. आम्ही किनाऱ्यावर पोहोचलो तेव्हा सव्वापाच वाजले होते. लोक परतत होते. क्षितिजावर केवळ तांबडी रेघ उरली होती, आणि थोड्याच वेळात तीही गेली. वडील काही बोलले नाहीत. त्यांनी खिशातून लहान वही काढून काहीतरी लिहिले एवढेच.

चूक कोठे झाली ते सरळ आहे. भारताची प्रमाणवेळ 82.5 अंश पूर्व रेखांशावरून ठरते. सुरत सुमारे 73 अंशांवर आहे, अंदमान सुमारे 93 अंशांवर. पृथ्वीला एक अंश फिरण्यास चार मिनिटे लागतात. वीस अंशांचे झाले ऐंशी मिनिटे. म्हणजे आपल्या आणि अंदमानच्या सूर्यात सव्वा तासाहून अधिक अंतर, घड्याळ मात्र एकच. डिसेंबरच्या अखेरीस सुरतेत सूर्य सव्वासातच्या सुमारास उगवतो आणि सहा वाजून गेल्यावर मावळतो. पोर्ट ब्लेअरला तो साडेपाचच्या थोडे पुढे उगवतो आणि पाचच्या सुमारास मावळतो. जूनमध्ये तेथे पहाटे पाचलाच सूर्य वर येतो आणि पावणेसहाला जातो. आसामच्या चहामळ्यांनी या अडचणीवर उपाय म्हणून घड्याळे तासभर पुढे ठेवण्याची प्रथा पाडली. अंदमानात तशी सोय नाही. तेथला माणूस लवकर उठून तो हिशेब जुळवतो.

दुसरे कारण अक्षांशाचे. उष्ण कटिबंधात सूर्य क्षितिजाकडे तिरका न घसरता जवळजवळ सरळ खाली उतरतो. बिंबाची खालची कड पाण्याला टेकल्यापासून वरची कड दिसेनाशी होईपर्यंत अंदमानात दोन-सव्वादोन मिनिटेच लागतात. लंडनच्या अक्षांशावर यास सव्वातीन मिनिटांहून अधिक लागतात. नंतरचा संधिप्रकाशही तसाच आखूड. वीस-पंचवीस मिनिटांत अंधार दाट होऊ लागतो. युरोपात सूर्यास्ताला उशीर झाला तरी रेंगाळणारा उजेड पदरी पडतो, बेटावर तो मिळत नाही.

शिक्षक असलेल्या वडिलांना यातली एक गंमत मी त्या रात्री सांगितली. सूर्य पाण्याला टेकलेला आपल्याला दिसतो, त्या क्षणी तो प्रत्यक्षात क्षितिजाखाली गेलेला असतो. क्षितिजाजवळ वातावरणातून येताना प्रकाशाचे जे वक्रीभवन होते ते सुमारे चौतीस कला, आणि सूर्यबिंबाचा व्यास सुमारे बत्तीस कला. म्हणजे आपण पाहतो ती मावळलेल्या सूर्याची वर उचलली गेलेली प्रतिमा. यावर वडील म्हणाले, “मग तू तरी काय हुकवलेस? जे नव्हतेच ते.” त्यांचा राग गेला होता हे त्यावरून कळले.

रंगांविषयी एक समजूत आपल्याकडे आहे की हवेत धूळ असेल तितका सूर्यास्त रंगीत. हे अर्धेच खरे. मावळतीचा प्रकाश हवेचा फार जाड थर कापत येतो. वाटेत निळ्या-जांभळ्या छटा हवेच्या रेणूंकडून विकिरणाने विखुरल्या जातात आणि तांबड्या-नारिंगी उरतात. यास धूळ लागत नाही. शहरातील मोठ्या आकाराचे कण सगळेच रंग मंद आणि मळकट करतात. ज्वालामुखीच्या अतिसूक्ष्म कणांचे प्रकरण मात्र वेगळे. ऑगस्ट 1883 मध्ये सुमात्रा आणि जावा यांच्यामधील क्राकाटोआ बेट फुटले, तेव्हा त्यानंतर कित्येक महिने जगभर रक्तवर्णी संध्याकाळी दिसत होत्या.

सेल्युलर जेल आम्ही आधीच पाहून घेतले होते. 1896 ते 1906 या काळात बांधलेल्या या तुरुंगाच्या सात इमारती मध्यवर्ती मनोऱ्यापासून चाकाच्या आऱ्यांसारख्या निघत होत्या. आज त्यांपैकी तीन उभ्या आहेत. रचना अशी की एका इमारतीचे तोंड दुसरीच्या पाठीकडे. कोठडीला मागच्या भिंतीत, हात पोहोचणार नाही इतक्या उंचीवर, लहानसा झरोका. सावरकर 1911 ते 1921 या दरम्यान येथे होते. त्यांच्या कोठडीत वडील बराच वेळ उभे राहिले. बाहेर आल्यावर त्यांनी पहिला प्रश्न विचारला तो असा, “या झरोक्यातून उन्हाचा कवडसा किती वाजता येत असेल?” तीन बाजूंनी समुद्र असलेल्या टेकडीवर दहा वर्षे काढायची आणि कवडशावरून दिवस ओळखायचा, हे त्यांच्या मनातून पुढे कित्येक दिवस गेले नाही.

आता ठिकाणांविषयी. हॅवलॉक आणि नील या बेटांना डिसेंबर 2018 पासून अनुक्रमे स्वराज द्वीप आणि शहीद द्वीप अशी नावे आहेत. पोर्ट ब्लेअरचे 2024 मध्ये श्री विजयपुरम झाले. स्वराज द्वीपावर सूर्यास्तासाठी राधानगर आणि सूर्योदयासाठी पूर्वेकडचा कालापत्थर, ही जोडी लक्षात ठेवावी. कालापत्थरला रस्ता किनाऱ्यालगतच आहे, त्यामुळे वृद्धांना वाळूत फार चालावे लागत नाही. श्री विजयपुरमला असताना दक्षिणेकडील चिडिया टापू येथे संध्याकाळी जावे. वाटेत सिप्पीघाटचा परिसर लागला तर थोडे थांबून पाहावे: 26 डिसेंबर 2004 च्या भूकंपात येथील जमीन खचली आणि जेथे शेते होती तेथे समुद्राचे पाणी कायमचे आले. ज्यांना एकच बेट निवडायचे आहे त्यांना मी शहीद द्वीप सुचवीन. निर्वासित बंगाली कुटुंबांनी वसवलेले हे लहान शेतीप्रधान बेट. गावांची नावे रामायणातील. पूर्वेच्या सीतापूरला सूर्य उगवतो आणि पश्चिमेच्या लक्ष्मणपूरला मावळतो, आणि रिक्षाने या टोकाहून त्या टोकाला जाण्यास अर्धा तासही लागत नाही.

मात्र नकाशावर पश्चिम किनारा दिसला म्हणून तो वर्षभर उपयोगाचा असतो असे नाही. अंदमानात डिसेंबरमध्ये सूर्य नेमक्या पश्चिमेच्या चोवीस अंश दक्षिणेला मावळतो, जूनमध्ये तितकाच उत्तरेला. हात लांब करून मूठ धरली की ती क्षितिजावर सुमारे दहा अंश झाकते. तेव्हा नेमक्या पश्चिमेपासून अडीच मुठी डावीकडे एखादे भूशिर आडवे येत असेल, तर हिवाळ्यात सूर्य समुद्रात न जाता झाडीत जाईल. आदल्या दिवशी मुठीने मोजून ठेवणे हाच उपाय.

याच नियमाचा लाभ दीवला होतो. दीव हे बेट आहे याचा आपल्याला विसर पडतो, कारण पुलावरून मोटार थेट आत जाते. ते कर्कवृत्ताच्या दक्षिणेस, म्हणजे उष्ण कटिबंधातच आहे (सुरतही आहे, असो). सरळ रेषेत ते आपल्यापासून दोनशे किलोमीटरच्या आत. रस्त्याने मात्र आखाताला मोठा वळसा पडतो, जो 2020 मध्ये सुरू झालेल्या हजिरा-घोघा नौकासेवेने बराच कमी केला. बेट पूर्व-पश्चिम लांबट असून त्याचा समुद्राकडचा किनारा दक्षिणेकडे तोंड करून आहे. त्यामुळे हिवाळ्यात, सूर्य दक्षिणेकडे सरकलेला असताना, उगवता आणि मावळता असे दोन्ही सूर्य याच किनाऱ्यावरून समुद्रावर दिसू शकतात. पहाटे फुदम गावाजवळच्या गंगेश्वराला जावे, जेथे भरतीचे पाणी पाच शिवलिंगांना न्हाऊ घालते. संध्याकाळी चक्रतीर्थाजवळ खुकरी स्मारकाशी बसावे. 9 डिसेंबर 1971 च्या रात्री ‘खुकरी’ ही युद्धनौका याच समुद्रात पाणतीराने बुडाली. अठरा अधिकारी आणि एकशे शहात्तर नौसैनिक गेले, आणि कप्तान महेंद्रनाथ मुल्ला यांनी नौका सोडली नाही. तेथे सूर्य मावळताना गर्दीतही लोक हळू बोलतात, हे मी प्रत्येक खेपेस अनुभवले आहे.

लक्षद्वीपविषयी थोडक्यात. परवान्याचे सोपस्कार आहेत, पण अगत्ती किंवा कवरत्ती येथे सूर्योदय आणि सूर्यास्त यांतील अंतर पायी तुडवता येते. ही बेटे प्रवाळवलयाच्या पूर्व कडेला आहेत आणि उथळ, शांत लगून पश्चिमेस. म्हणून सकाळी सूर्य फुटणाऱ्या लाटांवर उगवतो आणि संध्याकाळी आरशासारख्या पाण्यावर मावळतो.

बालरोगतज्ज्ञ म्हणून दोन-तीन गोष्टी सांगितल्याशिवाय राहवत नाही. मुलांच्या डोळ्यातील भिंग प्रौढांपेक्षा अधिक पारदर्शक असते आणि अतिनील व निळा प्रकाश दृष्टिपटलापर्यंत अधिक पोहोचतो. दृष्टिपटलाला वेदना होत नाही, म्हणून इजा झाल्याचे मुलाला तत्क्षणी कळत नाही. काही तासांनी नजरेच्या मध्यभागी धूसर डाग येतो. ज्या सूर्याकडे पाहताना डोळे किलकिले होतात त्याच्याकडे पाहू देऊ नये, मग तो कितीही खाली आलेला असो. दुर्बिणीतून तर मावळतीचा सूर्यही नको. दुसरे, बाळाला ‘कोवळे ऊन’ दाखवून ड जीवनसत्त्व मिळते ही समजूत. सूर्य क्षितिजाजवळ असताना त्यासाठी लागणारे अतिनील किरण जवळजवळ पोहोचतच नाहीत. सूर्योदय जरूर दाखवावा, पण तान्ह्या बाळाचे रोजचे 400 एककांचे थेंब चालू ठेवावेत. तिसरे, सूर्य बुडाला की मुलांना पाण्यातून बाहेर काढावे. अंधार किती झपाट्याने येतो ते वर सांगितलेच. शिवाय अंदमानच्या खाड्यांत मगरी आहेत, आणि 2010 मध्ये राधानगरजवळ एका परदेशी पर्यटक तरुणीचा मगरीच्या हल्ल्यात मृत्यू झाला होता. सूचनाफलक शोभेसाठी लावलेले नसतात.

हॅवलॉकची चूक झाल्यावर दुसऱ्या दिवशी आम्ही नील बेटावर गेलो आणि चार वाजताच लक्ष्मणपूरला जाऊन बसलो. मुलांसाठी मी एक प्रयोग योजला होता. वाळूवर आडवे पडून सूर्याची शेवटची कड नाहीशी होताना पाहायची आणि त्याच क्षणी ताडकन उभे राहायचे. डोळे दीड मीटर उंच गेल्याने क्षितिज थोडे दूर सरकते आणि ती कड सहा-सात सेकंद पुन्हा दिसते. सूर्यास्त दोनदा पाहता येतो. मुलांना तो पहिल्याच प्रयत्नात साधला आणि ती ओरडत सुटली. मीही आडवा होतो, असे वडील म्हणाले. आम्ही त्यांना वाळूत निजवले, कड गेल्याबरोबर नातवंडांनी दोन्ही हात धरून उठवले, पण तेवढ्यात सात सेकंद निघून गेले होते.

वडील गेल्यानंतर ती लहान वही माझ्याकडे आली. अंदमानच्या पानावर दोन ओळी आहेत. पहिली: ‘राधानगर, सूर्यास्त ५ वाजता, हुकला.’ त्याखाली: ‘लक्ष्मणपूर, ५ वाजून ३ मिनिटे. मुलांनी दोनदा पाहिला, मी एकदा.’