मागील शिल्लक कोठे गेली?

पालघरहून बोईसरकडे जाणाऱ्या मार्गावर कोळगाव लागते. १ ऑगस्ट २०१४ रोजी पालघर हा राज्याचा छत्तिसावा जिल्हा झाला आणि पुढे कोळगाव येथे जिल्हा मुख्यालयाच्या इमारती उभ्या राहिल्या. पलीकडे बोईसर-तारापूरची औद्योगिक वसाहत आहे. या पट्ट्यात किराणा, कापड, भांडी, हार्डवेअर अशा व्यवसायांत स्थिरावलेल्या जैन कुटुंबांचा दिनक्रम दुकानाच्या वेळेशी बांधलेला असतो. दुपारी दोन ते चार या वेळात गिऱ्हाईक विरळ होते, जेवणे आटोपलेली असतात आणि सकाळपासून स्वयंपाकघर व गल्ला दोन्ही सांभाळणाऱ्या गृहिणीला तासभर टेकायला मिळते. त्या तासात दूरचित्रवाणीवर मालिका चालू असते. आणि मालिका संपली की तिच्यावरील चर्चा सुरू होते.

ही चर्चा ‘बायकांच्या गप्पा’ म्हणून सोडून देण्याची घरातील पुरुषांना सवय असते. परंतु ती लक्षपूर्वक ऐकल्यास तिच्यात एक शिस्त आढळते. नायिकेची साडी आणि खलनायिकेचे दागिने हे विषय निघतातच. तथापि पुन्हा पुन्हा येणारी तक्रार निराळी असते. गेल्या महिन्यात अमुक पात्राने एक निश्चय केला होता, मग आज ते अगदी उलट कसे वागते? ज्या घरात रोजमेळाची आदल्या दिवसाची अखेरची शिल्लक हीच दुसऱ्या दिवसाची आरंभीची शिल्लक असते, त्या घरातील स्त्रीने हा प्रश्न विचारावा हे स्वाभाविक आहे. पात्राची मागील बाकी पुढील पानावर ओढली गेली नाही, हाच तिचा आक्षेप होय.

दुपारच्या कथांची परंपरा

गृहिणींसाठी दिवसा चालणाऱ्या कथामालिका प्रथम अमेरिकेत नभोवाणीवर रुजल्या. १९३०च्या दशकात त्या साबण कंपन्यांच्या जाहिरातींवर चालत, म्हणून त्यांना ‘सोप ऑपेरा’ हे नाव पडले. त्यांपैकी ‘गायडिंग लाइट’ ही मालिका १९३७ साली नभोवाणीवर सुरू झाली, १९५२ मध्ये दूरचित्रवाणीवर आली आणि २००९ पर्यंत चालली.

भारतात ७ जुलै १९८४ रोजी दूरदर्शनवर मनोहर श्याम जोशी यांनी लिहिलेली ‘हम लोग’ सुरू झाली. तिला प्रेक्षकांची लक्षावधी पत्रे आली. या मालिकेतील भागवंती ही सोशिक आई लेखकाने उभी केली होती ती असा सोशिकपणा किती घातक असतो हे दाखवण्यासाठी. प्रत्यक्षात अनेक प्रेक्षकांनी तिलाच आदर्श मानले. लेखकाचा हेतू आणि प्रेक्षकाचे आकलन यांत केवढे अंतर पडू शकते, याचा हा पहिला मोठा धडा होता. मराठीत दूरदर्शनच्या मुंबई केंद्रावरील ‘दामिनी’ या दैनंदिन मालिकेने रोज ठरलेल्या वेळी दूरचित्रवाणीसमोर बसण्याची सवय लावली. प्रतीक्षा लोणकर यांनी साकारलेली त्यातील पत्रकार नायिका आजही जुन्या प्रेक्षकांच्या स्मरणात आहे.

अरुंधतीचे खाते

अलीकडच्या काळात ज्या मराठी मालिकेची घरोघरी सर्वाधिक चिकित्सा झाली, ती म्हणजे स्टार प्रवाह वाहिनीवरील ‘आई कुठे काय करते’. ती २३ डिसेंबर २०१९ रोजी सुरू झाली. प्रथम ती संध्याकाळी प्रसारित होत असे. मार्च २०२४ मध्ये तिला दुपारी अडीचची वेळ देण्यात आली आणि ३० नोव्हेंबर २०२४ रोजी ती संपली. सूर्यास्तापूर्वी भोजन आटोपून प्रतिक्रमणास बसणाऱ्या घरांना संध्याकाळची वेळ नेहमीच सोयीची नसते. अशा घरांना ती दुपारीच अधिक हाती लागली.

पंचवीस वर्षे घरासाठी राबलेली अरुंधती, तिचे श्रम गृहीत धरणारा पती अनिरुद्ध आणि त्याची सहकारी संजना, हा कथेचा पाया. पतीचे परस्त्रीशी असलेले संबंध उघड होतात, घटस्फोट होतो, अरुंधती गायनाच्या बळावर स्वतःच्या पायावर उभी राहते आणि पुढे आशुतोष केळकर याच्याशी विवाह करते. मधुराणी प्रभुलकर यांनी ही भूमिका केली. बावरलेल्या गृहिणीपासून निर्णय घेणाऱ्या स्त्रीपर्यंतचा तिचा प्रवास पायरीपायरीने झाला, आणि म्हणूनच प्रेक्षकांनी तो मान्य केला.

आक्षेप सुरू झाले ते पुढे. घटस्फोटानंतरही देशमुख कुटुंबातील प्रत्येक भांडण अरुंधतीच्याच दारात का यावे? इतके शिकल्यावरही तिने प्रत्येक वेळी नव्याने तेच का शिकावे? आणि आशुतोषचा मृत्यू दाखवून तिने कमावलेले सारे एका भागात का पुसले जावे? जीवनात मृत्यू येतोच, हे जैन प्रेक्षकाला सांगावे लागत नाही. नाराजी मृत्यूविषयी नव्हती. नव्या संसाराचे पुढे काय करावे हे कथेला सुचले नाही, म्हणून ते खातेच बंद केले, अशी प्रेक्षकांची शंका होती.

याची दुसरी बाजूही आहे. घटस्फोटाने पतीपत्नीचे नाते संपते. आईचे मुलांशी, नातवंडांशी असलेले नाते संपत नाही. अनेक स्त्रिया प्रत्यक्षातही जुन्या घराकडे पुन्हा पुन्हा ओढल्या जातात. अनेकान्ताच्या दृष्टीने दोन्ही मते आपापल्या ठिकाणी खरी ठरतात. पण मग त्या ओढीची किंमत अरुंधतीला काय पडते, हे कथेने दाखवायला हवे. खर्च झाला तर तो लिहावाच लागतो.

एक गंमत अशी की, मूळ कथा ‘श्रीमोयी’ या बंगाली मालिकेची. तीच जुलै २०२० पासून हिंदीत ‘अनुपमा’ म्हणून आली आणि तेथे कुटुंब झाले अहमदाबादचे शाह. ज्या घरात बा हिंदी मालिका पाहतात आणि सून मराठी, तेथे एकाच बीजापासून वाढलेले वनराज शाह आणि अनिरुद्ध देशमुख शेजारी ठेवून तपासता येतात. कोणाचा राग अधिक पटतो, कोणाचा पश्चात्ताप वरवरचा वाटतो, याची तुलना करणे ही साहित्याची रीतसर समीक्षाच आहे. फक्त तिला ते नाव कोणी देत नाही.

क्षमा आणि प्रतिक्रमण

अनिरुद्धच्या पश्चात्तापाविषयी मात्र जैन घरांतील प्रेक्षकाला स्वतःचे असे एक माप उपलब्ध आहे. संवत्सरीला ‘मिच्छामि दुक्कडम्’ म्हणण्यापूर्वी आपल्याकडे आलोचना अपेक्षित असते, म्हणजे आपला दोष नेमका कोणता हे स्वतःच्या तोंडाने सांगणे. त्यानंतर प्रतिक्रमण, म्हणजे त्या दोषापासून मागे फिरणे. आणि प्रत्याख्यान, म्हणजे तो पुन्हा न करण्याचा नियम. मालिकांतील क्षमायाचनेत यांतील पहिली आणि तिसरी पायरी बहुधा गाळलेली असते. पात्र रडते, संगीत वाजते, घरातील सर्व जण क्षमा करतात आणि पंधरा दिवसांनी तेच पात्र तीच चूक करते.

हे पाहून एखादी सून वैतागते, तेव्हा ती केवळ पटकथेवर वैतागलेली असेलच असे नाही. ‘झाले गेले विसरून जा’ हे वाक्य तिने पडद्याबाहेरही ऐकलेले असते. दोष कबूल न करता मागितलेली क्षमा कोणी द्यावी, हा प्रश्न घरात थेट विचारणे अवघड. मालिकेतील पात्राच्या निमित्ताने तो विचारता येतो, आणि बांनाही आपले उत्तर त्याच आडोशाने देता येते.

३०० कोटींचा मसाला

व्यापारी घरांनी सर्वाधिक हसून पाहिलेले उदाहरण झी मराठीवरील ‘माझ्या नवऱ्याची बायको’ या मालिकेतले. ऑगस्ट २०१६ मध्ये सुरू झालेल्या या मालिकेत अनिता दाते यांनी साकारलेली राधिका घरगुती मसाले करता करता ३०० कोटींच्या कंपनीची मालकीण झाली. स्त्रीने उद्योग उभारावा याविषयी कोणाची तक्रार नव्हती. तक्रार होती ती मधली पाने कोरी असल्याची.

हा आकडा वार्षिक उलाढालीचा मानला आणि मसाल्याचा सरासरी भाव किलोला ५०० रुपये धरला, तर वर्षाला ६० लाख किलो, म्हणजे ६,००० टन माल विकावा लागेल. कामाचे ३०० दिवस धरल्यास रोज २० टन. एवढी मिरची, धने, हळद आणायची कोठून, दळायची कोठे आणि ठेवायची कोणत्या गोदामात? मिरचीची खरेदी हंगामात करावी लागते आणि पैसा महिनोन्‌महिने मालात अडकतो. दुकानदार उधारीवर माल उचलतो. लहान उद्योगासाठी बँका वापरत आलेल्या ठोकताळ्यानुसार, १ कोटीच्या उलाढालीला सुमारे २५ लाखांचे खेळते भांडवल लागते. त्यात २० लाख बँकेचे आणि निदान ५ लाख स्वतःचे. ते ५ लाख उभे करणे, पहिला मोठा ग्राहक पैसे बुडवतो की काय या चिंतेत रात्र काढणे, मालाचा एखादा लॉट खराब निघाल्यावर तो परत घेणे. ज्यांनी धंदा केला आहे त्यांना ठाऊक आहे की खरे नाट्य येथेच असते. कटकारस्थानांना महिने देणाऱ्या लेखनाने या प्रसंगांना थोडा वेळ दिला असता, तर राधिका अधिक मोठी झाली असती.

दोष एकट्या लेखकाचा नव्हे

मालिकेत कथा, पटकथा आणि संवाद यांची कामे बहुधा वेगवेगळ्या व्यक्तींकडे असतात, आणि वाहिनीचे अधिकारी कथेची दिशा ठरवण्यात सहभागी असतात. मीटर बसवलेल्या निवडक घरांवरून ‘बार्क’ ही संस्था दर आठवड्याला प्रेक्षकसंख्येचा अंदाज देते, आणि तो घसरला की कथेला धक्का देण्याची घाई होते. कलाकार मालिका सोडतो, आजारी पडतो, आणि त्याचे पात्र परदेशी जाते. आठवड्याला सहा भाग धरले तर वर्षाला सुमारे ३०० भाग लिहावे लागतात. जाहिरातींसह ते १५० तास होतात. या गतीने लिहिताना मागचे पान उलटून पाहायला सवड मिळत नाही.

पर्युषणात दूरचित्रवाणी बंद ठेवणाऱ्या घरांना याचा वेगळाच अनुभव येतो. आठ दिवसांनी मालिका पुन्हा लावावी, तर जो संवाद अर्धवट सोडला होता तो बहुधा तेथेच रेंगाळत असतो. घटना थांबलेल्या असतात, आणि जेव्हा घडतात तेव्हा पात्राचा स्वभाव बदलून घडतात.

लांबी हे मात्र निमित्त होऊ शकत नाही, हे आपल्याच कथापरंपरेने दाखवून दिले आहे. आचार्य हरिभद्रसूरींची प्राकृत ‘समराइच्चकहा’ एका वैराचा नऊ जन्मांपर्यंत पाठपुरावा करते. राजपुत्र गुणसेन कुरूप अग्निशर्म्याची थट्टा करतो. पुढे तपस्वी झालेल्या अग्निशर्म्याला राजा म्हणून तो पारण्याचे निमंत्रण देतो, आणि तीन वेळा वेगवेगळ्या कारणांनी ते पारणे चुकते. तेथून वैराची गाठ बसते आणि प्रत्येक जन्मात आधीच्या जन्माची बाकी पुढे येते. उद्द्योतनसूरींनी इ.स. ७७९ मध्ये पूर्ण केलेली ‘कुवलयमाला’ क्रोध, मान, माया, लोभ आणि मोह यांनी ग्रासलेल्या पाच जीवांची कथा सांगते. मराठी भाषकांच्या बोलीचा जुना उल्लेख म्हणूनही हा ग्रंथ प्रसिद्ध आहे. आजच्या मालिकांतही हेच कषाय भरपूर दिसतात. फरक इतकाच की, त्या कथांत कषायाचे फळ चुकत नाही. मालिकेत ते पुढील आठवड्यात माफ होते.

तपासणी घरापर्यंत यावी

एखादा कार्यक्रम नियमांचा भंग करत असल्यास वाहिनीकडे तक्रार करता येते. २०२१ च्या नियमांनुसार वाहिनीने १५ दिवसांत उत्तर द्यावे लागते. परंतु कच्च्या लेखनासाठी असे कोणतेही कार्यालय नाही. तेथे प्रेक्षकाचे मत आणि हातातील रिमोट हीच साधने. दोन घटिकांची, म्हणजे ४८ मिनिटांची सामायिक सांभाळणाऱ्या घराला वेळेचे मोल सांगण्याची आवश्यकता नाही. दोन मालिकांना त्याहून अधिक वेळ जात असेल, तर त्या वेळेचा जाब मागणे योग्यच आहे.

याहूनही महत्त्वाची गोष्ट म्हणजे ही तपासणारी नजर पडद्यापुरती राहू नये. ‘आई कुठे काय करते’ या शीर्षकातच प्रश्न आहे, आणि तो व्यापारी घरांना विशेष लागू पडतो. दुपारी मालक जेवायला गेल्यावर गल्ल्यावर कोण बसते, सणापूर्वी माल कोण लावते, उधारीवाल्याला नम्रपणे आठवण कोण करून देते? त्या श्रमांची नोंद पेढीच्या कोणत्याही वहीत होत नाही. तीच स्त्री कर्जाच्या कागदांवर जामीनदार म्हणून सही करते, भागीदारीच्या करारात तिचे नाव असते. पण कागद तिला वाचून दाखवला जातोच असे नाही. भागीदारीत प्रत्यक्ष काम करणाऱ्या भागीदाराला मानधन देण्याची तरतूद करारात करता येते आणि आयकर कायदा त्याला ठरावीक मर्यादेत वजावटही देतो. तरी ते मानधन तिच्या खात्यात खरोखर जमा होते का, हे तिने पाहिलेले असतेच असे नाही.

अरुंधतीच्या खात्यातील चूक जिला क्षणात दिसते, तिला पेढीचा ताळेबंदही समजेल. येत्या दिवाळीच्या वहीपूजनाला नव्या वहीवर ‘शुभ लाभ’ लिहिताना जुनी वही तिच्याही हाती द्यावी. मागील शिल्लक कोठे गेली, हा प्रश्न तिने तेथेही विचारावा, आणि त्याला सरळ उत्तर मिळावे.