फोन कोणाचा ऐकायचा, हे ठरवते कोण?

फोन टॅपिंगच्या आरोपांवरून 1988 मध्ये रामकृष्ण हेगडे यांना कर्नाटकचे मुख्यमंत्रिपद सोडावे लागले. 1991 मध्ये राजीव गांधींच्या घराबाहेर हरियाणा पोलिसांचे दोन साध्या वेशातले हवालदार सापडले आणि पाळत ठेवल्याच्या आरोपावरून पंतप्रधान चंद्रशेखर यांचे सरकार गेले. तरीही कोणत्याच पक्षाच्या केंद्र सरकारने फोन ऐकण्याचा अधिकार न्यायाधीशाच्या देखरेखीखाली आणला नाही. विरोधात असताना ओरडायचे आणि सत्तेत आल्यावर तोच अधिकार जपायचा, याची चीड यायलाच हवी.

पीयूसीएल या नागरी हक्क संघटनेच्या खटल्यात 1996 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने बंधने घातली: आदेश गृहसचिवांचा हवा, तो सचिवांच्या समितीने तपासावा. न्यायाधीशाची पूर्वपरवानगी मात्र सक्तीची केली नाही. त्यामुळे सचिवाचा आदेश सचिवच तपासतात. 1885 च्या तार कायद्याच्या जागी 2023 चा दूरसंचार कायदा आला, पण हा सांगाडा तोच राहिला. ज्याचा फोन ऐकला त्याला नंतरही कळवायचे बंधन नाही. मग त्याने दाद मागायची कशी? दहशतवाद्याचा माग काढताना न्यायालयासाठी थांबता येत नाही, हा आक्षेप रास्त आहे. पण तातडीच्या प्रकरणात आधी ऐकून, ठरावीक दिवसांत न्यायाधीशाची मंजुरी घेता येईल. ती नाकारली गेली तर ध्वनिमुद्रण नष्ट करावे, एवढी तरतूद संसद आजही करू शकते.