थर्मामीटरला न दिसणारं ऊन

संयुक्त अरब अमिरातीत १५ जून ते १५ सप्टेंबर या काळात दुपारी साडेबारा ते तीन उघड्या उन्हात काम करून घ्यायला बंदी असते. नियम मोडणाऱ्या कंपनीला माणशी ५,००० दिरहम दंड. गेली दोन दशकं चालत आलेला हा नियम उष्माघाताच्या दृष्टीने अगदी योग्य आहे, कारण हवा सर्वांत तापते ती दुपारी दोन-तीनच्या सुमारास. अतिनील किरणांचं वेळापत्रक मात्र वेगळं आहे. दुबई आहे ५५ पूर्व रेखांशाच्या आसपास आणि तिथलं घड्याळ चालतं ६० रेखांशाप्रमाणे. त्यामुळे खरी मध्यान्ह होते १२.२० च्या आगेमागे. दिवसभरातल्या अतिनील किरणांपैकी साधारण ६० टक्के मध्यान्हाआधीच्या दोन आणि नंतरच्या दोन तासांत जमिनीवर येतात. म्हणजे साडेबाराला कामगार सावलीत जातो, तेव्हा त्यातले निम्म्याहून थोडे जास्तच त्याने अंगावर घेतलेले असतात.

उकाडा आणि अतिनील या दोन गोष्टींची आपण कायम गल्लत करतो. जमिनीवर पोचणाऱ्या सूर्याच्या ऊर्जेत अतिनीलाचा वाटा जेमतेम पाच टक्के. उन्हाचा चटका बसतो तो दृश्य आणि अवरक्त किरणांमुळे. अतिनील किरण पडत असल्याचं त्वचेला त्या क्षणी कळतच नाही. कातडी लाल होते ती काही तासांनी, बऱ्याचदा रात्री अंथरुणाला पाठ टेकल्यावर. २१ एप्रिल आणि २२ ऑगस्ट या दोन दिवशी दुबईत माध्यान्हीचा सूर्य सारख्याच उंचीवर असतो, क्षितिजापासून ७६-७७ अंशांवर. एप्रिलमध्ये कमाल तापमान ३३-३४ अंश, ऑगस्टमध्ये ४१. हवा सारखी स्वच्छ असेल तर अतिनीलाचा मारा दोन्ही दिवशी जवळपास तेवढाच. ऑगस्टमध्ये माणूस आपणहून सावली शोधतो. एप्रिलमध्ये समुद्रकिनाऱ्यावर तासन्‌तास रमतो. माझ्या मते धोक्याचा महिना एप्रिलच.

हा मारा मोजायला कॅनडातल्या शास्त्रज्ञांनी १९९२ मध्ये अतिनील निर्देशांक आणला. पुढे जागतिक आरोग्य संघटनेने तो जगासाठी प्रमाण केला. त्वचा भाजण्याच्या हिशेबाने दर चौरस मीटरला २५ मिलिवॅट म्हणजे निर्देशांक १. तीनपासून पुढे अंग झाकावं, ११ पासून पुढे ‘अतितीव्र’. आखातात उन्हाळ्यातल्या दुपारी हा आकडा ११ च्या घरात असतो. डिसेंबरमध्येही, म्हणजे आपल्याकडची मंडळी थंड हवेत वाळवंट बघायला जातात तेव्हा, दुपारचं निरभ्र ऊन तीनच्या वरच असतं.

वाळवंट अतिनीलाला इतकं मोकळं रान का देतं? सूर्य जवळपास माथ्यावर, ढग नाहीत, आणि ओझोन कमी. ओझोन मुख्यत्वे उष्ण कटिबंधाच्या वरच तयार होतो, पण उंचावरचे वारे तो ध्रुवांकडे वाहून नेतात. पिकतो तिथे राहत नाही. त्यात कोरडी वाळू सुमारे १५ टक्के अतिनील परत वर फेकते. हा आकडा ताज्या बर्फाच्या ८० टक्क्यांपुढे किरकोळ, पण तो खालून येतो, टोपीच्या कडेखालून थेट डोळ्यांत. शिवाय हे किरण हवेत इतके विखुरतात की त्यांचा बराच भाग सूर्याच्या दिशेने न येता सगळ्या आभाळातून येतो. म्हणूनच छत्रीखाली बसलेला माणूसही भाजतो. सावळ्या त्वचेला मेलॅनिनचं थोडं संरक्षण असतं, पण त्याने वांग टळत नाही, आणि मोतीबिंदू तर त्वचेचा रंग विचारतच नाही.

कपड्यांबाबत वाळवंटातल्या लोकांना बरंच आधीपासून कळलेलं आहे. सिनाईतले बदाऊनी रणरणत्या उन्हात काळे झगे का घालतात, यावर १९८० मध्ये ‘नेचर’मध्ये एक छोटा निबंध आला होता. काळा झगा पांढऱ्यापेक्षा जास्त तापतो खरा. पण ती उष्णता झग्याच्या आतल्या हवेबरोबर निघून जाते आणि अंगापर्यंत दोन्ही झग्यांतून सारखीच पोचते. गोम आहे ती सैलपणात. अतिनीलाच्या बाबतीत तर गडद रंग आणि घट्ट वीण यांचंच पारडं जड. पातळ पांढरा टी-शर्ट, त्यातून घामाने भिजलेला, अगदीच कुचकामी. पुण्या-नागपुरात स्कूटीवरून जाणाऱ्या मुलींच्या जाड सुती सनकोटाची थट्टा होते. विज्ञान त्या मुलींच्या बाजूने आहे.

सनस्क्रीनवरच्या आकड्यांना फार भुलू नये. एसपीएफ ३० सुमारे ९७ टक्के यूव्ही-बी, म्हणजे त्वचा भाजणारे अतिनील किरण, अडवतं आणि ५० सुमारे ९८. खरा फरक पडतो तो किती थापलं आणि दर दोन तासांनी पुन्हा लावलं का, यानेच. आणि ती ट्यूब तापलेल्या गाडीत ठेवली तर क्रीम लवकर खराब होतं.

अर्थात गवंड्याला, फिटरला किंवा मोटारसायकलवरून जेवण पोचवणाऱ्या मुलाला दर दोन तासांनी क्रीम कुठून लावता येणार? जागतिक आरोग्य संघटना आणि आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेच्या २०२३ मधल्या अंदाजानुसार उन्हात काम केल्यामुळे झालेल्या त्वचेच्या कर्करोगाने, मेलॅनोमा वगळता, २०१९ या एका वर्षात जवळपास १९,००० माणसं दगावली. पूर्ण बाह्यांचे कपडे, मानेवर पडदा असलेली टोपी, चांगला गॉगल आणि सकाळी दहानंतरचं काम शक्य तेवढं छताखाली, इतकं तरी मालकाने करावं.

दुसऱ्या टोकाला वातानुकूलित इमारतींत आणि मोटारींत दिवस काढणारे लोक. त्यांच्यात, आखातातल्या लख्ख उन्हाच्या देशांत, ड जीवनसत्त्वाची कमतरता सर्रास आढळते. काच यूव्ही-बी अडवते आणि ड जीवनसत्त्व बनायला नेमकं तेच लागतं. त्वचेवर सुरकुत्या पाडणारं यूव्ही-ए मात्र साध्या काचेतून बरंचसं आत येतं. मोटारीची पुढची काच दुपदरी असल्याने ते बऱ्यापैकी रोखते, बाजूच्या काचा तेवढं रोखत नाहीत. दुबईत गाडीचं चाक डावीकडे असतं, त्यामुळे तिथल्या चालकाचा डावा गाल आणि डावा हात जास्त ऊन खातो.